दोन विंडोंमधला समास

मी मुद्रितशोधनाचं काम करते. साताऱ्यात, घरीच, एका सेकंडहँड लॅपटॉपला मोठी स्क्रीन जोडून. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि तिचा डेस्कटॉप म्हणून केडीई प्लाझ्मा ५.२७ आहे. भाच्याने बसवून दिलं तेव्हा "मावशी, हे हलकं आहे, हँग होणार नाही" एवढंच म्हणाला होता. विंडो कुठे किती अंतरावर ठेवायच्या याचं खूळ डोक्यात शिरेल, हे काही बोलला नव्हता.

सध्या हातात एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती आहे. डावीकडे ओक्युलरमध्ये (पीडीएफ वाचायचा प्रोग्राम) जुन्या पानांचं स्कॅन, उजवीकडे लिबरऑफिस रायटरमध्ये नव्याने टाइप झालेला मजकूर. जुन्यात 'कांहीं', 'नाहीं', 'जेव्हां'. नव्यात १९६२च्या नियमांप्रमाणे ते अनुस्वार जायला हवेत. मेटा (म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि डावा बाण दाबला की ओक्युलर अर्ध्या स्क्रीनवर जाऊन बसतो, मेटा आणि उजव्या बाणाने रायटर. इथपर्यंत कुठलीही स्क्रिप्ट, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लागत नाही. भानगड पुढे आहे. दोन्ही पानं पांढरीफटक, आणि कडेला कड चिकटलेली. संध्याकाळी डोळे थकले की डावी ओळ संपवून नजर थेट उजव्या पानात घुसते. एका प्रकरणात मीच आठ ठिकाणी 'काही'चं पुन्हा 'कांहीं' करून ठेवलं होतं. सकाळी पाहिलं तेव्हा स्वतःलाच चार शब्द सुनावले.

मला मधे फट हवी होती, बस. भाच्याला फोन केला, तर त्याने आख्खं दुकान उघडलं.

प्लाझ्मात विंडो सांभाळणारा जो भाग आहे त्याचं नाव केविन. त्याला जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्ट जोडता येतात. सिस्टम सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजमेंट, त्यात केविन स्क्रिप्ट्स, खाली 'गेट न्यू'चं बटण. सगळं फुकट. मात्र तिथं कोणीही काहीही चढवू शकतं. मार्च २०२४मध्ये त्याच दुकानातल्या एका ग्लोबल थीमने (डेस्कटॉपचं रूप बदलणाऱ्या संचाने) एका माणसाच्या फायली पुसल्या होत्या. थीम वेगळी, स्क्रिप्ट वेगळी, तरी खालच्या प्रतिक्रिया वाचल्याशिवाय मी काही उतरवत नाही.

भाच्याचा लाडका म्हणजे क्रोनकाइट. (या मंडळींची नावं रसायनशाळेतली आहेत: क्रोनकाइट, त्यातून निघालेला बिस्मथ, मग पोलोनियम.) हा डीडब्ल्यूएम नावाच्या जुन्या विंडो मॅनेजरच्या वळणावर चालतो. एक विंडो मुख्य, ती डावीकडे मोठी. बाकीच्या उजवीकडे एकाखाली एक. नवी उघडली की सगळ्या आपोआप सरकून जागा करून देतात, एसटीत चौथी सीट करतात तसं. भाचा म्हणाला, "माउसला हातच लावायचा नाही, मावशी!"

खरंच चांगलं लिहिलेलं काम आहे. फटीसुद्धा हव्या तेवढ्या देता येतात, कडेच्या वेगळ्या आणि मधल्या वेगळ्या. पण मला शब्दकोश दिवसातून चाळीस वेळा लागतो. ब्राउझर उघडला की रायटर आक्रसून अर्ध्या उंचीचा, बंद केला की पुन्हा ताणला जातो, आणि मी वाचत होते ती ओळ दरवेळी दुसरीकडेच. पानांचा हिशोब करायला कॅल्क्युलेटर उघडला तर तो पाव स्क्रीन व्यापून कालनिर्णयाएवढा झाला. अशा विंडोंना वगळायची यादी सेटिंग्जमध्ये आहे, ती मी भरतही गेले. आठवड्याने लक्षात आलं की मी प्रुफं कमी तपासतेय आणि यादी जास्त.

शॉर्टकटचं तर विचारूच नका. एच, जे, के, एल ही व्हिम नावाचा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांच्या बोटांची जागा. माझी बोटं इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर बसलेली, त्यांना तिथं प, र, क, त दिसतात. त्यात मेटा-एल प्लाझ्माने स्क्रीन लॉक करायला आधीच घेतलेला. उजवीकडच्या विंडोत जायचं म्हणून दाबावं, तर समोर पासवर्डची चौकट. सगळं बाणांवर न्यावं म्हटलं, तर नुसता मेटा, मेटा-कंट्रोल, मेटा-अल्ट, तिन्हींसोबतचे बाण प्लाझ्माने अडवून ठेवलेत. जो माणूस टर्मिनलमध्येच (आज्ञा टाइप करायच्या विंडोत) राहतो आणि ज्याच्या विंडो दिवसभर उघडतात-मिटतात, त्याने क्रोनकाइट जरूर घ्यावा. माझं काम दोन पानांचं आहे.

मधे एक उद्योग करून बसले. एक आपोआप मांडणारी स्क्रिप्ट चालू असतानाच दुसरी फटींची चालू केली. एक म्हणे इथं बस, दुसरी म्हणे जरा सरक. रायटर आणि ओक्युलर जागच्या जागी फुगडी घालायला लागले आणि सेटिंग्जची विंडोही त्यांच्यात सामील झाली. शेवटी कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर गेले. भाच्याने फोनवरून एकेक अक्षर सांगितलं, मी केविनच्या सेटिंग्जच्या केविनआरसी फाइलमध्ये 'ट्रू'चं 'फॉल्स' केलं आणि मशीन पुन्हा चालू केलं. चूक माझी. एका वेळी एकीलाच घरात घ्यावं.

पोलोनियम दोनच दिवस ठेवला. तोही आपोआप मांडणाराच. केझोन्स ही स्क्रिप्ट मात्र मनापासून आवडली. विंडो ओढायला लागलं की स्क्रीनवर आपण आखलेले चौकोन दिसतात, हव्या त्यात सोडायची. न विचारता काही हलत नाही. आखणी टक्क्यांत, जेसन नावाच्या मजकुरात लिहायची असते. मी ४०, ४० आणि शब्दकोशाला २० अशी केली, तर काही दिसेचना. तासभर डोकं धरून बसले. दोन कंसांमधला एक स्वल्पविराम राहिला होता. तीस वर्षं लोकांचे स्वल्पविराम बघतेय!

याच जातीची सोय ५.२७पासून प्लाझ्मातच आली आहे. मेटा-टी दाबून आखणी करायची, शिफ्ट धरून विंडो ओढायची. तिथं स्वल्पविरामाची भीती नाही आणि फटही ठरवता येते. पण माझा हात मेटा-बाणावर बसलाय, दर वेळी शिफ्ट धरून ओढायला तो तयार नाही.

शेवटी राहिली ती विंडो गॅप्स. ही विंडो मांडत नाही. तुम्ही मांडलेली विंडो स्क्रीनच्या कडेला किंवा दुसऱ्या विंडोला टेकली की तिला तेवढं आत घेते, इतकंच. डावं, उजवं, वरचं, खालचं आणि मधलं अशी पाच अंतरं वेगवेगळी देता येतात. भाचा म्हणतो ही काय स्क्रिप्ट झाली! मी सहा महिने हीच वापरतेय.

एक त्रास आहे. आकडे बदलून 'अप्लाय' केलं तरी माझ्याकडे लगेच फरक पडत नाही. स्क्रिप्टसमोरची खूण काढायची, अप्लाय, पुन्हा खूण, पुन्हा अप्लाय. पहिल्या दिवशी मला वाटलं, बिघडलीच. आणि प्लाझ्मा ६वर जाणार असाल तर आपली स्क्रिप्ट त्यासाठी निघाली आहे का ते आधी बघा. बिस्मथचे चाहते तिथंच अडकले, त्याचं काम थांबलं ते थांबलंच. मला तूर्त घाई नाही.

माझे आकडे हवे असतील तर: डावीउजवीकडे १२, मधे १४. स्क्रीनच्या रुंदीच्या १९२०मधून ३८ गेले की प्रत्येक पानाला ९४१ पिक्सेल उरतात, पूर्वीपेक्षा १९ कमी. म्हणजे मजकुरातलं एखादं अक्षर. पाठी निळा-करडा सपाट रंग ठेवलाय, तो त्या फटीतून उभा दिसतो आणि नजर तिथं अडते. मधलं अंतर जास्त, कारण बांधणीकडची बाजू आहे ती. वर १२ आणि खाली १६. पुस्तकात तळाचा समास बहुधा थोडा मोठाच असतो.