पगाराचा चेक परत आला आणि आम्ही संक्रांतीची वाट पाहत बसलो

भोसरी एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन कारखान्यात मी अकरा वर्षे स्टोअर सांभाळत होतो. नोव्हेंबर २०१८ च्या पगाराचा चेक मला १० डिसेंबरला मिळाला, दुसऱ्या दिवशी मी तो बँकेत भरला आणि १३ तारखेला तो परत आला. बँकेने चेकला टाचून दिलेल्या लहानशा मेमोवर 'फंड्स इनसफिशिअंट' या कारणासमोर खूण होती. माझ्या खात्यातून चेक परत आल्याचा आकार कापला गेला आणि त्याच आठवड्यात घराच्या कर्जाचा हप्ताही थकला.

आम्ही चौघे-पाच जण मालकांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, मोठे बिल अडकल्याचे सांगितले आणि म्हणाले, "संक्रांतीच्या आत सगळ्यांचे पैसे आरटीजीएसने टाकतो. फक्त जुने चेक अकाउंट्सला जमा करा, म्हणजे दोनदा पैसे जायला नकोत." अकाउंटंटने माझ्यासमोर चेक आणि मेमो एकत्र करून, रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवला. मी साधी पोचही घेतली नाही. अकरा वर्षांच्या ओळखीत पोच मागणे मला तेव्हा अपमानाचे वाटले.

फसवणूक नेमकी इथे होती, आणि ती मला वकिलांकडे गेल्यावर कळली. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली तक्रार करायची असेल, तर चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत पैशांची लेखी मागणी करणारी नोटीस द्यावी लागते. आमची मुदत १२ जानेवारीला संपत होती आणि मालकांनी वायदा केला होता संक्रांतीचा. त्यांना हा हिशेब ठाऊक होता, असे माझे ठाम मत आहे.

आमच्यातील एका वेल्डरने मात्र चेक परत दिला नव्हता. चेक त्यावरील तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे वकिलांनी त्याला तोच चेक फेब्रुवारीत पुन्हा भरायला लावला. तो पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला आणि नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळाले. पहिल्या वेळी नोटीस दिली नसली तरी असे करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. माझ्याकडे चेकची झेरॉक्ससुद्धा नव्हती.

डिसेंबरच्या पगाराचा चेकही २४ जानेवारीला परत आला, तेव्हा मी तो हातचा सोडला नाही. वकिलांनी कंपनीला आणि रोजचा कारभार पाहणाऱ्या दोन्ही संचालकांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आणि मागणीत चेकची रक्कम जशीच्या तशी लिहिली. नोटीस ७ फेब्रुवारीला पोहोचली. तिथून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करावी लागते, ती आम्ही मार्चमध्ये केली. माझे खाते ज्या शाखेत आहे, तिथल्या हद्दीतील न्यायालयात ती करता येते, म्हणून फार हेलपाटे पडले नाहीत. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, हे समन्स निघाल्यावर मालकांच्याही ध्यानात आले असावे, कारण त्यानंतर त्यांनी तडजोडीची भाषा सुरू केली आणि ती रक्कम पाच हप्त्यांत दिली.

नोव्हेंबरच्या पगारासाठी मला वेतनाचा वेगळा दावा करावा लागला. तेव्हाच्या कायद्यात त्याला बारा महिन्यांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षांची आहे. त्या दाव्यात मला पगाराच्या स्लिपा, बँकेचे स्टेटमेंट आणि अकाउंटंटचा "चेक जमा करून जा" हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उपयोगी पडला. त्या एका ओळीमुळे चेक दिला होता आणि परत घेतला होता, हे दोन्ही सिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दावा करताना मी पीएफचे पासबुक उघडले, तर सप्टेंबरपासून एकही रक्कम जमा नव्हती, आणि पगाराच्या स्लिपेवर मात्र दर महिन्याला कपात दाखवली होती. ते पासबुक मी ऑक्टोबरमध्ये पाहिले असते, तर पहिला चेक हातात पडण्यापूर्वीच मी सावध झालो असतो. ज्यांच्या कंपनीत पगार मागेपुढे होऊ लागला आहे, त्यांनी ते आज रात्रीच उघडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कपात झालेली रक्कम भरलेली नसेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे स्वतंत्र तक्रार करता येते. माझी ती तक्रार आम्ही अकरा जणांनी मिळून केली, आणि त्या अकरा जणांत तो वेल्डरही होता.