वही, व्हॉट्सॲप का गूगल शीट? घरून फराळ-पोळ्यांच्या ऑर्डर घेणाऱ्यांसाठी

माझी मावसबहीण नाशिकला पुरणपोळी आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घ्यायला लागलीये. परवा तिचा फोन आला, ताई तू हिशोब कशात ठेवतेस गं, वहीत का मोबाईलमध्ये, मला एकच काय ते सांग. मी डोंबिवलीत घरून फराळ, भाजणी, मसाले करते, सणासुदीला पोळ्यापण, सात वर्षं झाली याला, आणि या सात वर्षांत वही, भिंतीवरचं कॅलेंडर, व्हॉट्सॲप बिझनेस, गूगल शीट, उधारीचं ॲप असं सगळं वापरून झालंय. फोनवर एका वाक्यात उत्तर देता येईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय, तिच्यासारख्या अजून बऱ्याच जणी याच विचारात असतील.

आधी एक गोष्ट सांगते, ती कळायला मला तीन दिवाळ्या लागल्या. गिऱ्हाईक माणूसवार बोलतं आणि स्वयंपाकघर पदार्थवार चालतं. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या काकू सांगणार चकली १ किलो, बेसनलाडू अर्धा किलो, चिवडा १ किलो. त्यांच्या जाऊबाई सांगणार चकली २ किलो आणि करंज्या ३०. पण मी ओट्याशी उभी राहिले की कोणी काय मागितलंय त्याचा मला काही उपयोग नसतो, मला हवं असतं की आज एकूण चकली किती, त्याला भाजणी किती काढायची, तेलाचा डबा पुरेल का. आणि रात्री पॅकिंगला बसलं की परत उलटं, आता कोणाच्या पिशवीत काय जाणार ते हवं. हे माणूसवारचं पदार्थवार करायचं आणि पदार्थवारचं पुन्हा माणूसवार करायचं, सगळ्या चुका या दोन वळणांवर होतात. त्यामुळे कुठलंही साधन घेताना मी एवढंच बघते की ही उलटापालट ते किती सोपी करतं.

वहीपासून सुरुवात करू, कारण बहुतेकींची सुरुवात तिथूनच होते आणि ते बरोबरच आहे. वहीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, पिठाचे हात लागले तरी चालतं, सासूबाईंनी फोन घेतला तरी त्या लिहून ठेवू शकतात. लिहिलेलं लक्षातही राहतं, मी स्वतःच्या हाताने लिहिलेली ऑर्डर सहसा विसरत नाही. पण वहीत ऑर्डर येतील तशा एकाखाली एक लिहित गेलं की झालं कल्याण, दहा ऑर्डरी झाल्या की चकलीची बेरीज करायला दहा ठिकाणी बोट फिरवावं लागतं आणि एखादी सुटतेच. त्यापेक्षा पान आडवं धरा, वर पदार्थांचे उभे रकाने पाडा, डाव्या बाजूला नावं, प्रत्येक चौकटीत किलो. एक माणूस म्हणजे एक आडवी ओळ. खाली रकान्याची बेरीज म्हणजे ओट्यासाठीचं उत्तर, आणि आडवी ओळ म्हणजे पॅकिंगची पिशवी. एवढ्या एका आखणीने माझे दोन सीझन निघाले, आणि आजही आठवड्याला पंधरा-वीस ऑर्डरी, सहा-सात पदार्थ असतील तर मी याच्या पुढे जायला सांगणार नाही. वही कमी पडते ती बदलांपाशी. १ किलोचं दीड करा, शुक्रवारऐवजी रविवारी द्या, करंज्या नको शंकरपाळे द्या. दिवाळीच्या आधीच्या दहा दिवसांत अशी इतकी खाडाखोड होते की बेरीज कुठल्या आकड्याची करायची तेच कळत नाही. आणि वही एकच असते, ती माझ्या हातात असेल तर पॅकिंग करणारीच्या हातात नसते.

वहीच्या जोडीला भिंतीवरचं कॅलेंडर हवंच हवं. आपल्या धंद्याला इंग्रजी तारखा फारशा कामाच्या नाहीत, आपली मागणी तिथीवर येते. संकष्टीला मोदक, होळीला पुरणपोळी, संक्रांतीला गुळपोळी, श्रावणात आणि नवरात्रात उपवासाची भाजणी, गौरीच्या जेवणाला तर विचारूच नका. कालनिर्णय १९७३ पासून आपल्या घराघरात आहे आणि दुधाचा, गॅसचा हिशोब त्यावर लिहायची आपल्या आयांची सवय आहेच, तीच पद्धत धंद्याला लावायची. त्यात संकष्टीचा चंद्रोदयही दिलेला असतो, तो मोदकवालीला फार महत्त्वाचा, कारण उपास चंद्र बघून सोडतात, म्हणजे त्याच्या आधी मोदक त्यांच्या ताटात गरम पोचले पाहिजेत, सकाळी करून ठेवून उपयोग नाही. अंगारकी आली की मागणी वाढणार हे धरूनच चालायचं, तो मंगळवार मी वर्षाच्या सुरुवातीलाच लाल पेनाने गोल करून ठेवते.

आणि कॅलेंडरवर द्यायची तारीख लिहून भागत नाही, सुरू करायची तारीख लिहायची. अनारशाचं घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून दळायचे, गूळ घालून गोळा चार-पाच दिवस मुरवायचा, मग तळणी. वसुबारसेला द्यायचे असतील तर निदान दहा दिवस आधीच्या चौकटीत 'तांदूळ भिजव' असं लिहिलेलं पाहिजे. परदेशी जाणारा फराळ तर त्याच्याही आधी, मी कुरियरला निदान तीन-चार आठवडे धरते. कुठल्या मोबाईल ॲपमधलं रिमाइंडर हे काम करू शकतं, मान्य, पण फोन पर्समध्ये असतो आणि कॅलेंडर ओट्यासमोर असतं, घरातल्या सगळ्यांना दिसतं. यात मला आजपर्यंत काहीही वरचढ सापडलेलं नाही.

आता व्हॉट्सॲप बिझनेस. सगळ्यात जास्त गोंधळ याच्याबद्दल आहे, कारण ऑर्डर तिथेच येतात म्हणून ऑर्डर तिथेच ठेवायच्या असं वाटायला लागतं. २०१८ मध्ये हे ॲप आलं, फुकट आहे, साध्या व्हॉट्सॲपशेजारी त्याच फोनमध्ये चालतं, फक्त नंबर वेगळा लागतो. तो वेगळा नंबर घ्याच. नात्यातले गुड मॉर्निंग आणि ऑर्डर एकाच ठिकाणी आल्या की दोन्हीकडे दुर्लक्ष होतं. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत पदार्थ फोटो आणि भावासकट टाकता येतात, म्हणजे 'ताई रेट पाठवा' ला दिवसातून वीसदा उत्तर लिहायला नको. क्विक रिप्लाय तर माझा सगळ्यात आवडता आहे, तिरकी रेघ आणि एक छोटा शब्द टाकला की आख्खा मेसेज येतो, माझे पाच-सहा ठरलेले आहेत, पत्ता, ॲडव्हान्सचा नियम, कधीपर्यंत ऑर्डर घेणार, पदार्थ किती दिवस टिकतो. दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर अवे मेसेज, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, लावते. हे लावायच्या आधी मी जेवताना एका हाताने उत्तरं देत होते, आता घरात माणसासारखं जेवण होतं.

पण साठवायला ते चांगलं नाही. लेबलं असतात, नवीन ऑर्डर, पेमेंट बाकी, ऑर्डर पूर्ण वगैरे, २० पर्यंत करता येतात, मीही वर्षभर लेबलांवर चालवलं. अडचण ही की लेबल आपण लावतो चॅटला, आणि एकाच चॅटमध्ये काकूंची गेल्या आठवड्याची ऑर्डर पूर्ण असते, या आठवड्याची बाकी असते आणि वर मुलीच्या सासरी पाठवायची तिसरी असते. मेसेजला वेगळं लेबल लावता येतं, पण तळणीच्या वेळी ते कोणाच्याने होतंय. आणि मुख्य म्हणजे चकली एकूण किती हे व्हॉट्सॲप सांगू शकत नाही. त्यात व्हॉइस नोट. पन्नाशीच्या पुढच्या आपल्या गिऱ्हाईक बायका टाइप करत नाहीत, बोलतात, आणि बोललेली ऑर्डर सर्चमध्ये सापडत नाही. एका दिवाळीत अशीच ४ किलो चिवड्याची व्हॉइस नोट मी ऐकली, हो म्हटलं, आणि कुठेच उतरवली नाही. धनत्रयोदशीला त्या ताई पिशवी घेऊन दारात उभ्या आणि माझ्याकडे अर्धा किलोही शिल्लक नाही. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून घरात नियम आहे, व्हॉइस नोट ऐकली की आधी उतरवायची आणि उतरवलेलं त्यांना टाइप करून परत पाठवायचं, 'चिवडा ४ किलो, गुरुवारी, बरोबर ना?' त्यांचा हो आला की मगच ती ऑर्डर.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे एकच मेसेज एकदम बऱ्याच जणांना पाठवण्याबद्दल पण सांगते, एका यादीत २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच पिशवीबरोबर चिठ्ठी द्या की नंबर सेव्ह करा.

गूगल शीटला मी उगाच तीन वर्षं घाबरले. वहीतली ती आडवी-उभी आखणी मोबाईलवर, बेरीज आपोआप. आकडा बदलला की बेरीज बदलते, म्हणजे वहीतल्या खाडाखोडीचा प्रश्नच मिटला. फिल्टर लावला की फक्त शुक्रवारच्या ऑर्डरी दिसतात. आणि एकच शीट तीन फोनवर उघडते, मी ओट्याशी, मुलगी पॅकिंगला, अहो डिलिव्हरीला, तिघांसमोर तेच आकडे. गेल्या दिवाळीत शेवटच्या आठवड्यात भाजणी दोनदा भाजायची वेळ आली नाही, ही सात वर्षांतली पहिली दिवाळी. भाजणी कमी पडली की डाळ-तांदूळ धुवून वाळवण्यापासून सुरुवात असते, त्यामुळे हे मला किती मोलाचं आहे ते करणारीलाच कळेल.

शीटचे तोटेही खरे आहेत. पिठाच्या हाताने टायपिंग होत नाही, त्यामुळे मध्ये कागद येतोच, मी पेन्सिलने चिठ्ठीवर लिहिते आणि दुपारी चार वाजता बसून सगळं शीटमध्ये भरते. ही चारची वेळ एक दिवस चुकली की दुसऱ्या दिवशी शीटवर विश्वास राहत नाही. बोट चुकून लागलं आणि आकडा उडाला असंही होतं, व्हर्जन हिस्टरीत जुनं सापडतं पण ते माहीत असावं लागतं. आणि घरात दुसरं कोणी स्मार्टफोनला हात न लावणारं असेल तर शीटचा निम्मा फायदा गेला. गूगल फॉर्म करून गिऱ्हाइकांकडूनच भरून घेता येतो, उत्तरं थेट शीटमध्ये येतात. ऑफिसला जाणाऱ्या मुली आवडीने भरतात, काकू लोक भरत नाहीत, त्यांना फोनवर बोलायचंच असतं आणि त्यांनी बोलावंच, तोच तर घरगुती धंद्याचा गोडवा आहे.

उधारीच्या ॲपबद्दल थोडक्यात. दुकानदारासाठी ते छान आहे, रोजची दहा माणसं उधार नेतात, त्यांचं येणं-देणं एका जागी दिसतं. आपलं तसं नसतं. मी एक वापरलं, त्यातून शेजारच्या आजींना १२० रुपये बाकी असल्याचा मेसेज आपोआप गेला, त्या दुसऱ्या मिनिटाला पैसे घेऊन दारात आल्या आणि डोळ्यात पाणी. मी त्याच दिवशी बंद केलं. त्यापेक्षा निम्मा ॲडव्हान्स घ्या, उधारी ठेवूच नका, मग ॲप लागतच नाही.

पैशाचं खरं दुखणं वेगळंच आहे. यूपीआयवर पैसे येतात ते मिस्टरांच्या नावाने, ऑर्डर असते बाईंच्या नावाने. संध्याकाळी ६५० रुपये कोणाचे तेच लागत नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरला नंबर द्यायला लागले आणि पैसे पाठवताना नोटमध्ये तो नंबर टाका असं सांगते, निम्मे लोक टाकतात, बाकीच्यांना मी क्विक रिप्लायने विचारते. हा नंबर वहीतही चालतो, शीटमध्येही.

मग घ्यायचं काय. आठवड्याला वीसच्या आत ऑर्डरी आणि एकटीच करत असाल तर आखलेली वही आणि कॅलेंडर, व्हॉट्सॲप बिझनेस फक्त बोलण्यापुरतं. मदतीला कोणी असेल किंवा दिवाळीचा फराळ घेत असाल तर शीट, पण ती सणाच्या तोंडावर सुरू करू नका, श्रावणात सुरू करा म्हणजे गणपती-गौरी सरावाला मिळतात. दोन्ही एकदम चालवू नका, वहीत एक आकडा आणि शीटमध्ये दुसरा असं झालं की खरा कुठला यातच अर्धा तास जातो. माझ्या बहिणीला मी वहीच सांगितलीये, तिचे पदार्थ दोन, ऑर्डरी अजून थोड्याच, तिला शीटची गरज पुढच्या वर्षी पडेल.

जिला आत्ताच शीट करायचीये तिच्यासाठी माझे रकाने देते, याच क्रमाने: ऑर्डर नंबर, नाव, फोन, द्यायची तारीख, वेळ, मग प्रत्येक पदार्थाचा एकेक रकाना, एकूण रुपये, ॲडव्हान्स, बाकी, कुठल्या दिवशीचा माल, दिला का. 'कुठल्या दिवशीचा माल' हा रकाना बऱ्याच जणी ठेवत नाहीत. पाकिटावर आपण केल्याची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, १४ आकडी नंबर छापतो, पण ते पाकीट कोणाकडे गेलं हे इथेच कळतं. एकदा माझ्या एका घाण्याच्या शेंगदाण्यांना खवट वास होता, रकाना बघून अकरा घरी मी स्वतः फोन केले आणि चिवडा बदलून दिला, त्यातल्या सात जणींनी अजून पाकीट उघडलंही नव्हतं.