शिंचू सायन्स पार्क: परतणाऱ्यांची सोय

तैवानमधील शिंचू सायन्स पार्क या तंत्रज्ञान-उद्योगांच्या संकुलाला मी गेलो तो चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामानिमित्त, आणि अशा संकुलांकडे पाहण्याची माझी नजर तोवर जरा कडवटच झाली होती. आमच्याकडच्या एका संकुलाच्या दर्शनी दालनात परदेशी संस्थांशी झालेले सामंजस्य करार चौकटी करून ओळीने टांगले आहेत. त्यांपैकी एकाही देशातला माणूस तिथे कामाला आलेला मी पाहिला नाही.

शिंचूचे पार्क १९८० साली सुरू झाले तेव्हा तैवानचे कितीतरी हुशार अभियंते अमेरिकेत स्थिरावले होते. ते परतावेत म्हणून सरकारने करसवलती आणि तयार गाळे तर दिलेच, पण १९८३ मध्ये पार्कमध्ये शाळा काढून परतलेल्यांच्या मुलांसाठी तिच्यात इंग्रजी-चिनी द्विभाषिक विभागही ठेवला. शाळा सुटताना मी बाहेर उभा होतो. वाऱ्याने (शिंचूला ‘वाऱ्याचे शहर’ म्हणतात ते उगाच नव्हे) माझी छत्री उलटी झाली, आणि ते पाहून खिदळणारी दोन मुले एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलत होती. पोराबाळांच्या शाळेची सोय लागल्याखेरीज चाळिशीतला माणूस बिऱ्हाड हलवत नाही, हे ज्याने ओळखले त्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

तंत्रज्ञानाची आयात त्याआधीचीच. इट्री या सरकारी संशोधन संस्थेने १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून आपले तरुण अभियंते तिकडे शिकायला धाडले, आणि त्याच संस्थेतून १९८० मध्ये यूएमसी ही चिप कंपनी निघाली. १९८७ मध्ये टीएसएमसी ही दुसरी चिप कंपनी उभी राहिली, तेव्हा तिचे संस्थापक मॉरिस चांग यांच्या गाठीशी अमेरिकेतला दीर्घ अनुभव होता आणि नेदरलँड्सच्या फिलिप्सचे भांडवल व तंत्रज्ञानही.

उणे सांगायचे तर, २०२१ च्या दुष्काळात इथल्या चिप कारखान्यांना टँकरचे पाणी आणावे लागले. शिवाय हे सारे जाळे मुळात घरच्याच माणसांवर विणलेले असल्याने, चिनी भाषा न येणाऱ्या नवख्या छोट्या उद्योजकाला ओळखीच्या माणसावाचून आत शिरणे अवघडच वाटेल.

याच पार्कमधली पीएसएमसी ही चिप कंपनी गुजरातेत धोलेऱ्यातल्या टाटांच्या चिप कारखान्याला तंत्रज्ञान देणार आहे. तो विषय निघाला तेव्हा जेवणाच्या टेबलावर एका यजमानांनी विचारले, “तिथे आमच्या मुलांना शाळा कुठली?” मला उत्तर देता आले नाही.