गुडघेदुखीसाठी हळद: दुधातली, साधी कॅप्सूल की मिरीवाली?

आईचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "रोज रात्री हळदीचं दूध घेते की, मग गोळ्या कशाला?"

हिशोब मांडला. एक चमचा हळद म्हणजे साधारण ३ ग्रॅम. त्यात सूज उतरवणारं कर्क्युमिन सुमारे ३ टक्के, म्हणजे जेमतेम ९० मिलिग्रॅम. वर्ध्याकडच्या वायगाव हळदीत ते जास्त असतं, मिळाली तर जरूर आणा. पण गुडघेदुखीच्या चाचण्यांत बहुधा दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलेलं असतं. दूध चालू ठेवा, मात्र ते औषधाच्या जागी धरू नका.

कॅप्सूलच्या डबीची मागची बाजू वाचा. नुसती हळदपूड ५०० मिलिग्रॅम भरलेली असेल तर कर्क्युमिन मिळतं १५ मिलिग्रॅम. '९५ टक्के कर्क्युमिनॉइड' (म्हणजे कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद) असा तेवढाच अर्क असेल तर ४७५. डब्या मात्र दिसायला सारख्याच पिवळ्या.

तरीही पोटात गेलेलं सगळं अंगी लागत नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि यकृत ते झटपट निकालात काढतं. म्हणून त्यात काळ्या मिरीतलं पिपेरीन घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन दिलं, तर कर्क्युमिन रक्तात सुमारे २० पट उतरलं. इथेच मला थांबावंसं वाटलं. पिपेरीन यकृताचा हात रोखतं तो फक्त हळदीपुरता नाही. इतर काही औषधंही मग रक्तात जास्त साचतात. रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिरीवाली कॅप्सूल मनानं सुरू करू नये. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच कॅप्सूल नको.

लेसिथिन या स्निग्ध पदार्थामध्ये बांधलेलं कर्क्युमिन मिरीविना शोषलं जातं, पण महाग पडतं. शिवाय ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे क्वचित यकृताला इजा होते असा इशारा दिला, आणि जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांत हा धोका अधिक असू शकतो असं सांगितलं. स्वयंपाकातल्या हळदीबद्दल हा इशारा नव्हता.

आईला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, म्हणून मिरीवाली बाद केली. डॉक्टरांना डबी दाखवून ९५ टक्क्यांची साधी कॅप्सूल घेतली. ती जेवणानंतर, वरणभातावरच्या तुपाबरोबर पोटात जाते. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद, हे तिला पाठ करून ठेवायला लावलंय.