रॉकेट किट : उडतंय भारी, पण पंख बघून घ्या

पोरासाठी ऑनलाइन मॉडेल रॉकेटचं किट मागवलं, पुठ्ठ्याची नळी वगैरे ठीक, पण बाल्साचे दोन पंख चुकीचे कापलेले, लाकडाचे रेषे पुढच्या कडेला समांतर पाहिजेत ना ओ, हे आडवे, घासताना एक कट्कन मोडलाच. नवीन कापले, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवायचा लेप), पॉलिशपेपर, परत सीलर असे तीन हात मारले. रंग उन्हात वाळत ठेवला तर फुगे आले, सोलापूरचं ऊन!

नान्नजकडं माळढोक अभयारण्य, म्हणून तिकडं नाही, पहाटे वारं पडलेलं बघून दुसऱ्याच मोकळ्या माळावर उडवलं. मोटर सी६-५, म्हणजे जोर संपल्यावर ५ सेकंदांनी पॅराशूट. सुटलं, पण वितळून चिकटलेलं, कारण मोटर आणि पॅराशूटच्या मधे भरायचा न पेटणारा कागद डब्यातच नव्हता. विकणारा म्हणतो, तो वेगळा घ्यावा लागतो. ५ पैकी ३.