गंज की थकवा: धातूला जास्त घातक काय?
गंज निदान दिसतो तरी. रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात, तांबूस ओघळ उतरतात. वेळीच खरवडून रंग दिला की बराच काळ निभतं.

थकवा, म्हणजे फटीग, मुका असतो. सहज पेलणाऱ्या भाराचेच लाखो हेलकावे, आणि वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर. तुटलेला दांडा जवळून पाहा: शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या ही चीर हळूहळू सरकल्याची खूण, उरलेला खडबडीत भाग एका झटक्यात तुटलेला. मला भीती याचीच जास्त वाटते.

खाऱ्या दमट हवेत दोघं एकत्र आले, तर पोलाद फार लवकर हार मानतं. १९६७ मध्ये अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. सुरुवात झाली होती पूल पेलणाऱ्या पोलादी साखळीच्या एका पट्टीतल्या जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चिरेतून.