‘३८ ग्रॅम’ म्हणून विकलेला ७१ ग्रॅमचा चाकू

जाहिरातीत लिहिलं होतं: धावणाऱ्यांसाठी खास घडीचा चाकू, टायटेनियमची मूठ, ४४० सी पोलादाचं पातं, बंद लांबी ८५ मिलिमीटर, वजन ३८ ग्रॅम. आलेला चाकू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर आकडा ७१. तोही पाउच आणि दोरी बाजूला काढून. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: “काट्यात थोडाफार फरक असतोच.” काट्यात एखाद-दोन ग्रॅमचा फरक पडतो. वजन जवळपास दुप्पट भरत असेल तर आत दुसरंच काहीतरी भरलेलं असतं.

हे जास्तीचे ३३ ग्रॅम हातात जाणवत नाहीत, म्हणूनच ही फसवणूक खपते. मुठीत धरल्यावर उलट ‘दणकट आहे’ असं वाटतं. चड्डीच्या सैल खिशात टाकून धावायला लागलं की तोच दणकटपणा दर पावलाला मांडीवर आपटतो. मिनिटाला १७० पावलं धरली तर तासाभरात दहा हजारांवर हिसके बसतात. त्यामुळे या कामासाठी चाकू घेताना वजन ही सगळ्यात आधी तपासायची गोष्ट आहे, आणि सगळ्यात जास्त खोटं नेमकं तिथेच बोललं जातं.

खोलून पाहिल्यावर हिशेब लागला. मुठीच्या बाहेरच्या दोन पट्ट्या मिळून १८ ग्रॅम. त्यांच्या आत दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी लायनर, म्हणजे आधाराचा पातळ पत्रा, सुमारे ८५ बाय १८ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटर. दोन्हींचं आकारमान ३ घनसेंटिमीटरच्या आसपास. पोलादाची घनता ७.८, म्हणजे २४ ग्रॅम इथेच गेले. जाहिरातीच्या चित्रात या लायनरचा मागमूसही नव्हता. पातं ३ मिलिमीटर जाडीचं, साधारण २१ ग्रॅम. उरलेले ८ ग्रॅम क्लिप, स्क्रू आणि मधल्या आधाराचे. आता लायनर वगळा आणि पातं २ मिलिमीटरचं धरा: बेरीज चाळिशीच्या आत-बाहेर येते. म्हणजे ३८ हा आकडा हवेतून काढलेला नसावा. चित्र आणि वजन मूळ हलक्या डिझाइनचं, हाती दिली ती स्वस्तातली नक्कल. लायनर लोखंडी ठेवले की मूठ कशाचीही चालते, कारण सगळा जोर लायनरच पेलतात.

‘टायटेनियम’ तर निम्म्या वेळा नुसता रंग असतो. फ्रिजवर लावायचं चुंबक मुठीला टेकवा. घट्ट चिकटलं तर आत पोलाद आहे. पण चिकटलं नाही म्हणजे टायटेनियमच, असं समजू नका. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. या दोघांना वेगळं करायला पाण्याची चाचणी लागते. भांड्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, सुट्या केलेल्या पट्ट्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायच्या, पण तळाला किंवा कडेला टेकू द्यायच्या नाहीत. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर आकारमान. १८ ग्रॅमच्या टायटेनियमने ४ दाखवायला हवे होते, कारण त्याची घनता ४.५ आहे. काट्यावर आले ७, म्हणजे २.७ च्या जवळ घनता, म्हणजे राखाडी रंग दिलेलं ॲल्युमिनियम.

पात्याबद्दल ‘टायटेनियम ब्लेड’ असं लिहिलं असेल तर आणखी सावध. त्याला चुंबक चिकटलं तर ते पोलादी पातं आहे, फार तर वर सोनेरी टायटेनियम नायट्राइडचा मुलामा. तसं असेल तर हरकत नाही, पोलादच बरं. खरं टायटेनियम रोजच्या धारेला मऊ पडतं.

पोलादाच्या नंबरात एक अक्षर गाळून मोठा घोळ घालता येतो. ४४० ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२०. पात्यावर नुसतं ‘४४०’ कोरलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, आणि कित्येकदा ते ४४० कुळातलंही नसतं, जेमतेम ०.३ टक्के कार्बनचं मऊ पोलाद असतं. ते ओळखायची खूण म्हणजे धार टिकत नाही. नवा असताना कागद सुरेख कापतो, दोन-तीन खोकी फाडली की त्याच कागदावर अडखळायला लागतो. चांगली कानस असेल तर पात्याच्या पाठीवर, मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर हलकेच फिरवा: कडक पोलादावर ती घसरते, मऊवर चावते.

इथे एक गंमत आहे. विक्रेते मिठाच्या पाण्यात चाकू बुडवून ‘गंज नाही, म्हणजे उच्च प्रतीचं पोलाद’ असा व्हिडिओ दाखवतात. पण गंज रोखणारं क्रोमियम पुरेसं असलेलं कमी कार्बनचं मऊ पोलादही गंजाला छान तोंड देतं. कार्बन जास्त असला की तो क्रोमियमचा काही भाग अडकवून ठेवतो. डी२ हे पोलाद त्याचं ठळक उदाहरण: दीड टक्का कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, धार उत्तम टिकते, पण घामाच्या खिशात ठिपके पडतात. तेव्हा त्या व्हिडिओतून चाकूचा एक गुण कळतो, सगळे नाही. घामासाठीच हवा असेल तर एच१ किंवा एलसी२००एन ही नायट्रोजनयुक्त पोलादं त्या कामाची. मात्र फार स्वस्त चाकूवर ही नावं दिसली तर नावावर विसंबू नका.

वजन आणि धातूची थाप खिशाला लागते, बंद राहण्याची थाप मांडीला. ‘सेफ्टी लॉक’ म्हणून जे विकतात ते बहुधा पातं उघडल्यावर अडकवणारं असतं. धावताना गरज उलट असते: पातं बंद राहिलं पाहिजे. ते काम लायनरवरची बारीक गोळी करते, पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसून. गोळी झिजलेली किंवा खळगा उथळ असेल तर पातं आपोआप उघडतं. तपासायला बंद चाकू मुठीच्या पाठीने धरा, पातं बाहेर येतं ती बाजू जमिनीकडे, आणि मनगटाने दहा-बारा जोरदार हिसके द्या. खाली पाय नको, दुसरा हात नको. आमच्या हाती आलेल्या चाकूचं पातं तिसऱ्या हिसक्याला दोन बोटं बाहेर आलं होतं. असा चाकू रबर लावूनही खिशात घालू नये.

उघडलेल्या पात्याचा लॉकही पाहा. उघडं पातं मिटू नये म्हणून अडवणारा लायनर पात्याच्या बुडाखाली साधारण पाव ते अर्ध्या रुंदीइतका सरकलेला असावा. नुसता काठावर टेकलेला असेल तर पीळ बसताच सुटतो. पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच टेकवून दाबा, बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी धरून. ‘टक’ करून मिटला तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

बाकीच्या युक्त्या थोडक्यात. दाखवलेली कमी किंमत फक्त म्यानाची असते, चाकू हा वेगळा ‘पर्याय’. स्थिर पात्याच्या चाकूचं वजन म्यानाशिवाय लिहितात, आणि म्यान कित्येकदा चाकूइतकंच भरतं. ‘दमास्कस’ नक्षी, म्हणजे थराथरांच्या पोलादाच्या लहरी, दोन्ही बाजूंना हुबेहूब सारखी असेल आणि पात्याच्या पाठीवर एकही रेघ नसेल तर ती छापलेली आहे. एटीएम कार्डाच्या आकाराचे चाकू फारच हलके असतात खरे, पण नकलेत प्लास्टिकची बिजागरी घडीवरच तुटते. गळ्यात दोरीने लटकवायचे चाकू धावणाऱ्यांना कोण विकतं कोण जाणे; पडल्यावर दोरी गळ्याशी आणि म्यान छातीशी.

मुळात लागतं किती? फोडाची पट्टी कापणं, बुटाची अडकलेली नाडी, पाकीट, दोरी. ४ ते ६ सेंटिमीटरचं पातं पुष्कळ झालं, टोक बोथट असेल तर पडताना बरंच. तुलनेला एक माप डोळ्यांसमोर ठेवा: व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिलिमीटरचा छोटा ‘क्लासिक’ चाकू साधारण २१ ग्रॅम भरतो, त्यात कात्रीही असते, आणि चिकटपट्टीला कात्रीच सोयीची. मात्र त्याच्या पात्याला लॉक नसतो, हे धरून चाला. मारातों दे साब्ल या मोरोक्कोच्या वाळवंटातल्या शर्यतीसारख्या शर्यतीत धातूच्या पात्याचा चाकू सक्तीच्या सामानात असतो. तिथे आपल्या शर्यतीची यादी नीट वाचून घ्या. ‘सगळीकडे कायदेशीर’ हा शिक्का मात्र थाप समजा. लांबी, लॉक, एका हाताने उघडणं यांचे नियम जागोजागी वेगळे असतात आणि विक्रेता तुमच्यासोबत धावायला येणार नाही.

पैसे परत मिळवायचे असतील तर तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा. पार्सल फोडतानाच व्हिडिओ चालू ठेवा. पाकिटावरचा पत्ता, बंद सील, मग काट्यावरचा आकडा, चुंबक, पट्टीने मोजलेली लांबी एकाच सलग चित्रणात. काट्यावर आधी एखादी वजन छापलेली बंद पुडी ठेवून दाखवा, म्हणजे ‘काटाच चुकीचा’ ही पळवाट बंद. स्क्रू काढणं, कानस लावणं, पाण्यात बुडवणं, खोकी कापणं हे सगळं परताव्याचा निकाल लागल्यावरच. एक जरी ओरखडा दिसला तरी ‘वापरलेली वस्तू’ म्हणून हात झटकतात.

मग थोडी रक्कम परत देतो, चाकू ठेवून घ्या, असा निरोप येतो. हो म्हटलं की बहुतेक ठिकाणी तक्रार मिटली असं धरलं जातं. नाही म्हटलं की ‘चाकू परत पाठवता येत नाही’ किंवा ‘आठवडाभर थांबा’, आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत टळते. बोलणं विक्री मंचाच्या निरोपपेटीतच ठेवा, फोनवर नको. मजकूर कोरडा आणि छोटा हवा: “जाहिरातीत वजन ३८ ग्रॅम, प्रत्यक्षात ७१ ग्रॅम. मूठ टायटेनियमची लिहिली आहे, तिला चुंबक चिकटतं. बंद पातं हिसक्याने उघडतं. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च द्यावा. व्हिडिओ सोबत जोडला आहे.” दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर हाच मजकूर, एक शब्दही न बदलता, मंचाकडे आणि कार्ड दिलेल्या बँकेकडे.